पाच गावचे हार, एक बॉनेट

मी धुळे डेपोला कंडक्टर आहे. चौदा वर्षं झाली. कुठे काय चांगलं मिळतं हे मला गावावरून आठवत नाही, गाडी किती मिनिटं थांबते त्यावरून आठवतं. पारोळ्याला चहा होतो, एरंडोलला नुसती घंटी, दोंडाईच्याला भजी, पण ड्रायव्हर उतरला तरच. २०२५ च्या होळीच्या आधी तीन आठवडे मी या थांब्यांवर दुसरंच काही शोधत होते. हार-कंगन.

खान्देशाबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते. पुण्या-नगरकडे पाडव्याला गुढीला साखरेच्या गाठी बांधतात ना, त्याच घराण्यातली ही वस्तू. आमच्याकडे ती आधी होळीला लागते. साखरेच्या पाकळ्या दोऱ्यात ओवल्यासारखा हार, मधोमध मोठं पदक, हातात घालायला साखरेचीच कंगनं, आणि लहान पोरांना आवडते ती डोलची, म्हणजे साखरेची इवलीशी बादली. एक हार होळीला वाहायचा, एक देव्हाऱ्यात, बाकीचे पोरांच्या गळ्यात. ज्या बाळाची पहिली होळी असेल त्याला आईच्या माहेरून हार-कंगन जातात. आमच्यात तरी जातात, आणि नाही गेले तर पुढची दहा वर्षं ते ऐकून घ्यावं लागतं.

तर माझ्या बहिणीच्या नातवाची ही पहिली होळी. बहीण म्हणाली, "तू रोज गावोगाव हिंडतेस, चांगला हार तूच आण." आणि मग आवाज खाली करून, "गेल्या वर्षीसारखं नको."

गेल्या वर्षीचं असं झालं होतं की दिराच्या मुलीला आणलेल्या हाराचा दोरा लाल होता. दिसायला झकास. पोरगी आठ महिन्यांची, गळ्यात घातलेली कुठलीही गोष्ट थेट तोंडात. फोटो काढेपर्यंत तिचे ओठ, हनुवटी आणि पांढरं झबलं, सगळं लाल. घरात एकच ओरडा झाला. जाऊबाईंना वाटलं रक्तच आलं. पाण्यानं पुसल्यावर कळलं की दोऱ्याचा रंग उतरलाय. पोरीला काही झालं नाही, पण दुकानदाराकडे गेल्यावर तो म्हणाला, "ताई, हार खायचा असतो, दोरा नाही." त्या दुकानाचं नाव घेत नाही. पण तेव्हापासून मी हार हातात घेतला की आधी दोरा बघते.

आणि खरं सांगू का, हार दोऱ्यापाशीच कळतो. वरून सगळे पांढरेशुभ्र. पाकळीच्या टोकाला चव बघितली तर सगळेच गोड, साखर आहे, कडू कुठून लागणार? पण पाक ओतताना दोरा साच्यात आधीपासून पडलेला असतो. पाक कच्चा असेल तर दोऱ्याभोवतीची साखर ओलसर, चिकट राहते. सूत चांगलं नसेल तर दाताखाली धागे येतात. म्हणून मी पाकळी मधोमध मोडते, दोऱ्यालगतचा तुकडा जिभेवर ठेवते आणि चावत नाही. नुसतं धरून ठेवायचं. पहिल्या तिकिटापासून शेवटच्या सीटपर्यंत जाईस्तोवर तो विरघळायला हवा.

पहिला हार धुळ्याचाच. पाचकंदीलकडे होळीच्या आधी हाराच्या हातगाड्या आणि दुकानं लागतात, बांबूला हार टांगलेले, लांबून पांढऱ्या फुलांचा बाजार वाटावा. मी एका गाडीवाल्याला विचारलं, "घरी करता का आणून विकता?" तो म्हणाला, "घरी. या बघायला." कंडक्टरला असं कोणी सहसा बोलावत नाही. दुसऱ्या दिवशी वीकली ऑफ होता, मी गेले.

जुन्या धुळ्यातली बोळ, मागे पत्र्याची शेड, आत जी काय गरमी. भट्टीवर लोखंडी कढई, त्यात साखर आणि पाणी. उकळी आली की गाडीवाल्याच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत होते, तांब्यातून थोडं दूध सोडलं. बघता बघता करड्या रंगाचा फेस वर गोळा झाला. झाऱ्यानं तो काढून बादलीत टाकला. ती मळी. साखर कितीही पांढरी असली तरी मळी निघते, दुधातला चोथा तिला धरून वर आणतो. मी घरात पाक शंभर वेळा केलाय, दूध घालायचं माहीतही होतं, पण एवढी घाण निघते हे कढईभर बघितल्याशिवाय कळत नाही.

शेजारी सागाचे साचे पाण्यात बुडवून ठेवलेले. रात्रभर भिजवतात, म्हणजे लाकूड पाक पीत नाही आणि हार चिकटत नाही. एकेक साचा दोन फळ्यांचा. दोन्हींवर अर्ध्या अर्ध्या पाकळ्या कोरलेल्या, मधून दोऱ्याची खाच. आबांच्या सूनबाई खाली बसून दोरा घालत होत्या. पांढरं सूत, दुपदरी, ओलं करून. दोरा खाचेत बसवायचा, वर दुसरी फळी ठेवायची, सुतळीनं करकचून बांधायचं. हे काम त्या माझ्याशी गप्पा मारता मारता करत होत्या, साच्याकडे एकदाही न बघता.

पाक झाला की नाही हे आबा बोटानं बघत होते. गार पाण्यात बोटं बुडवायची, पाकाचा थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात. मग कढईच्या कडेला पळीनं पाक घासायला सुरुवात. इथे मी घड्याळ लावून बसले असते तरी मला कळलं नसतं की कधी थांबायचं. काचेसारखा पाक कडेला आधी धुरकट होतो, मग दुधासारखा. त्या घोटण्यातच साखरेचा कण धरतो. कमी घोटलं तर हार काचेसारखा कडक होतो आणि दातात अडकतो, जास्त घोटलं तर कढईतच बसतो, ओतताच येत नाही. आबा एकच शब्द बोलले, "धर," आणि पोरानं साचे उभे केले. वरच्या भोकातून पाक आत. दहाएक मिनिटांत सुतळी सुटली, फळी उघडली आणि आतून हार निघाला, कोमट, कडांना पापुद्रे लागलेला. ते पापुद्रे सूनबाईंनी सुरीनं छाटले. छाटलेला चुरा मला दिला. आजवर खाल्लेल्या हारांत सगळ्यांत चांगली गोष्ट तो चुराच होता, पण तो विकत मिळत नाही.

दर १४० रुपये किलो. किराण्यात साखर मी त्याच आठवड्यात ४५ नं घेतली होती. "ताई, बाकीचे पैसे गॅसचे आणि या गरमीचे," आबा म्हणाले. मला पटलं.

धुळ्याचा हार मोडला की "टक्" वाजतो. आतला कण बारीक, पांढरा, दोऱ्यापाशी कोरडा. जिभेवर ठेवला की एका तिकिटात कोपरे गेले, पाचव्या तिकिटाला नुसता गोडवा. शेवटी दुधाची अगदी पुसट चव येते, किंवा मी दूध घालताना बघितलं म्हणून येत असेल.

अमळनेरचा हार स्टॅन्डसमोरून घेतला, १२० रुपये किलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जाड पाकळी, मोठा कण, दाताखाली करकरतो. चहात टाकायला बेस्ट.

जळगावला गेले तेव्हा बहिणीच्या मुलीनं मोबाईलवर फोटो पाठवला होता. "मावशी, असा आण ना." तो हार नव्हताच. साखरेचं कार्टून. गुलाबी ससा, हिरवा मोटू, निळी गाडी, मध्ये 'हॅपी होली' लिहिलेलं पदक, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात. २०० ग्रॅमला ८० रुपये, म्हणजे किलोला ४००. दुकान मोठं, एसी, काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फ्लेवर पण आहे, स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिला." मी दोन्ही घेतले. मत देण्याआधी वस्तू घ्यावी, नाहीतर मग आपण पॅसेंजरसारखे होतो, तिकीट न काढता सीट मागणारे.

स्ट्रॉबेरीचा ससा उघडला तर आधी वास आला. पोरांच्या खोकल्याच्या औषधाचा. जिभेवर ठेवला, वरचा थर गोड, मग बुळबुळीत, मग आत पुन्हा कडक. कण धरलेलाच नाही. दोरा नायलॉनचा, चकचकीत, चावला तरी तुटेना. व्हॅनिलाचा त्यातल्या त्यात बरा, कारण व्हॅनिला कमी होता. माझ्या मुलाला, वय १२, दोन्ही आवडले. ते मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. त्यानं ससा आधी कान, मग डोकं अशा क्रमानं खाल्ला आणि जीभ आरशात बघून आला. त्याच्या वयाला जिभेचा रंग ही सुद्धा चवच असते.

सासूबाईंना आम्ही माय म्हणतो. मायला शुगर आहे, पण बघायला काय हरकत? मी निळी गाडी पुढे केली. माय म्हणाली, "हाई काय शे व? साखर शे का साबन?" आणि परत दिली.

आता बॉनेटचं. हे ठरवून केलेलं नाही. जळगावहून परत येताना पिशवी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली, कारण गाडीत उभं राहायला जागा नव्हती. महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये आली तेव्हापासून सणाच्या आठवड्यात ही गाडी अशीच भरते, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडं वाढल्यापासून प्रत्येक तिसरं माणूस मला हिशेब विचारत होतं. दर मीच ठरवला असावा असं. तेव्हा पिशवीकडे बघायला वेळच नव्हता. पारोळा सुटल्यावर ड्रायव्हर नाना म्हणाले, "बाई, तुमच्या पिशवीतून काहीतरी गळतंय."

गळत नव्हतं, घाम फुटला होता. एका रंगीत पाकिटाच्या आत पाणी सुटून ससा गाडीला चिकटला होता, निळा आणि गुलाबी मिळून जांभळं काहीतरी झालं होतं. त्याच पिशवीत कागदात गुंडाळलेला धुळ्याचा हार होता, नानांना चव दाखवायला घेतलेला. तो गरम झाला होता, बस. कोरडा ठणठणीत. अमळनेरचाही तसाच.

आबांना मी पुढे हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, रंगाच्या कामात पाक लवकर बसू नये म्हणून लिंबूसत्व जास्त घालतात. साच्यात बारीक डोळे-कान यायला पाक पातळ लागतो. पण मग साखर कण धरत नाही, आणि अशा साखरेला ऊब मिळाली की ती पाणी सोडते. वर प्लॅस्टिक. आपल्याकडची हवा कोरडी, उघडा हार महिना महिना टिकतो, त्याला पाकिटात कोंडायचं कशाला?

मग नंदुरबार. दोंडाईच्यावरून गाडी, मार्चचं ऊन, नंदुरबारच्या आधी रस्त्याला मिरचीच्या पथारी. लाल चादर अंथरल्यासारखी, आणि खिडक्या बंद केल्या तरी गाडीत शिंका सुरू. मंगळ बाजारात हार घेतला, १३० रुपये किलो. विकणाऱ्या बाईंच्या एका बाजूला हार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची मिरची. मी पाकळी मोडून तोंडात टाकली आणि दोन सेकंदांत ठसका. साखर तिखट नव्हती, माझी बोटं तिखट झाली होती, मघाशी मिरचीचं पोतं सरकवून जागा केली तेव्हाची. हात धुऊन पुन्हा चाखला. नंदुरबारचा हार धुळ्यापेक्षा जाड, पदक तर तळहाताएवढं, पण घोटलेला उत्तम. दोरा सुती, थोडा राठ. विरघळायला वेळ घेतो, मला तो तसा आवडला. दोंडाईच्यापर्यंत पुरला.

नंदुरबारचे हार मोठे का, हे मला काही वर्षांपूर्वी अक्कलकुव्याच्या ड्युटीवर समजलं होतं. होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात. पाड्यापाड्यांवरून माणसं उतरतात, ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, आणि परत जाताना प्रत्येक पिशवीत दाळ्या, गूळ आणि साखरेचे हार. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, तिथे जाणारी माणसं रात्रभर चालतात, नाचतात. माझ्या गाडीत एक आजोबा होते, मांडीवर हारांची जुडी, त्यांनी ती एकदाही खाली ठेवली नाही. खड्ड्यात गाडी आपटली की दोन्ही हात वर करून जुडी उचलायचे, स्वतः आपटायचे. अशा प्रवासाला नाजूक पाकळीचा हार काय कामाचा?

पाचवा हार त्याच अक्कलकुवा स्टॅन्डवरचा, या होळीला एका सहकारी बाईनं आणून दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणून दर सांगता येत नाही. लहान पाकळ्या, किंचित पिवळट. मला तो पिवळटपणा आवडला, म्हणजे उजळायला काही पावडर घातलेली नाही असं मी धरलं. पण दोऱ्याजवळ ओल होती आणि एक पाकळी आतून पोकळ निघाली. घाईत ओतलेला पाक. सणाच्या आधी दोन दिवस होळीच्या हाराचं जे होतं ते.

यावरून एक सांगते, हार लवकर घ्या. फेब्रुवारीच्या शेवटी घेतलेला हार आणि होळीच्या आदल्या दिवशी घेतलेला हार एकाच भट्टीचा असला तरी एक नसतो. शेवटच्या दोन दिवसांत घोटायला कुणाला वेळ असतो? आणि दुकानदाराला पाकळी मोडून दाखवा म्हणा. धुळ्यात आणि नंदुरबारात न कुरकुरता दाखवली. जळगावच्या एसीतल्या मुलीनं पाकीट फोडायला नकार दिला. तिचीही चूक नाही, पाकीट फोडलं तर ते तिच्या पगारातून जात असेल.

बाळासाठी धुळ्याचा घेतला. सांगून करून घेतला म्हणायला हरकत नाही, आबांच्या सूनबाईंनी लहान साच्यात केला, हलका, गळ्याला टोचणार नाही असा, कंगनांच्या कडा बोटानं घासून गुळगुळीत केलेल्या. मी दोरा पाण्यात बुडवून, पांढऱ्या रुमालावर घासून बघितला. त्या बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. मी गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाल्या, "मग घासा अजून."

१३ मार्चला होळी, माझी ड्युटी. बाळाचे फोटो मी गाडीतच बघितले. सात महिन्यांचं पोर, साखर भरवायची नाहीच, फोटो झाला की हार काढून ठेवायचा असं बजावलं होतं.

उरलेले हार मी ३० मार्चच्या पाडव्यापर्यंत उघडे टांगून ठेवले, सतरा दिवस. अमळनेरचा चहात संपला होता. अक्कलकुव्याच्या हाराला मुंग्या लागल्या, ओल होती तिथेच. रंगीत पाकीट मुलानं कधी संपवलं मला माहीत नाही, पाकीट कॉटखाली सापडलं. गुढीला नंदुरबारचा बांधला, पदक मोठं म्हणून लांबून शोभतो. संध्याकाळी गुढी उतरवली तेव्हा मायनं धुळ्याच्या हाराची एक पाकळी मोडली, वाजली तशीच, आणि माझ्याकडे बघत बघत तोंडात टाकली. मी शुगरचं काही बोलले नाही. सणाचा दिवस.

रात्री बहिणीला फोन केला, विचारलं, बाळाचा हार कसा निघाला.

"हार तसाच आहे," ती म्हणाली. "पण तू काही म्हण, फोटो काढेपर्यंत त्यानं दोरा चोखलाच."

"मग?"

"मग काय? पांढराच आहे अजून."